शेवटच्या ओळीपासून वर

९ जानेवारी

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी, एवढेच उरलोय. फोन केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबा हल्ली मागे उभे राहून ऐकतात. परवा मी दुकानासाठी काचांच्या कारखान्याला फोन लावला होता, तर मागून म्हणाले, "त्यांना सांग, तिसरी पायरी चुकली आहे." पलीकडच्या माणसाने बिचाऱ्याने विचारलं, बाई, पडलं का कोणी?

तू आमच्या घरी चार वर्षं राहिलास, त्यांच्या हाताखाली शिकलास, आईच्या हातचं जेवलास, मला सायकल शिकवलीस आणि माझे गुडघेही तूच फोडलेस. त्या हक्काने लिहितेय.

बाबा विसरभोळे झालेत यात शंका नाही. मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. त्यांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. चष्म्याचं दुकान चालवणारीच्या घरी चष्मा पिठात, म्हणून आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसण्यावारी नेता येत होतं तोवर नेलं.

पण मागच्या महिन्यात ते स्वेटर उलटा घालून विद्यापीठात गेले. एका वर्गात एक तरुण बाई त्यांचंच प्रमेय शिकवत होत्या. बाबा सरळ आत शिरले, फळा पुसला आणि मुलांना म्हणाले, "हे मी लिहिलंय आणि हे खोटं आहे. वहीत उतरवलं असेल तर खोडा." पहारेकऱ्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अपमानाचं नाही रे. एकानेही वहीत खोडलं नाही म्हणून.

आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिहीत बसतात. अकरा कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय. वर पानांचे क्रमांक नाहीत, आणि माझ्या हातून ते एकदा पडलेही होते, त्यामुळे कसे लागले असतील देव जाणे. एक बघ म्हणजे कळेल. पहिल्याच ओळीत "म्हणून प्रमेय खोटे आहे". त्याखाली त्याचं कारण. त्याखाली कारणाचं कारण. सगळं उलटं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, आधी काय आणि नंतर काय हे कळेनासं होतं, क्रम सुटतो, हे या आजाराचं लक्षणच आहे. त्यांनी मेंदूचा फोटो काढला तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "हे यंत्र लाटा मोजून चित्र बनवतं. म्हणजे माझंच गणित माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं केलंत." डॉक्टर हसले नाहीत.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणतात, नुसता विसरभोळेपणा असेल तर बाबा घरी राहू शकतात, दिवसा एक बाई ठेवा. पण आयुष्यभर केलेलं काम खोटं आहे असं मनाने घेतलं असेल, तर तो भ्रम, आणि तो वाढत जातो. मग कडक औषधं आणि बंद दाराची संस्था. मी विचारलं, आणि ते खरंच चुकलं असेल तर? डॉक्टर म्हणाले, ते मला कसं कळणार, ज्याला कळतं त्याला विचारा.

दुकानात लोक डोळे तपासायला येतात आणि भिंतीवरचा तक्ता आधीच पाठ करून घडाघडा म्हणतात. मला लगेच ओळखू येतं. पण बाबांच्या कागदात मला काहीच ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. तुला येतं. वाचून मला एवढंच सांग, यात काही तथ्य आहे का? तू नाही म्हणालास तर मी सही करणार आहे.

तुझी
चिमी


२ फेब्रुवारी

चिमे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. सरांच्या प्रमेयाला ऑक्टोबरात चाळीस वर्षं होतात. त्यानिमित्त तुमच्याच विद्यापीठात मोठी परिषद आहे आणि मुख्य व्याख्यान माझं आहे.

तुला कधी कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगतो. कुठलाही आवाज, कितीही गोंगाटाचा असो, साध्या शुद्ध सुरांत फोडता येतो. प्रश्न असा, की ते सूर पुन्हा एकत्र केले तर मूळचा आवाज परत मिळतो का? दरवेळी मिळेलच असं नाही. कधी मिळतो, याचा सगळ्यात मोठा नियम सरांनी सांगितला. त्यांच्या सिद्धतेत पाच पायऱ्या आहेत आणि तिसरी सगळ्यात सुंदर. तिथे ते सुरांचे बारीक लांब तुकडे करतात, पट्ट्यांसारखे, आणि दाखवतात की त्या पट्ट्या एकमेकींवर फार चढत नाहीत. आज जगभरातले शेकडो लोक त्या पायरीवर उभे आहेत. माझं पुस्तक, माझ्या नऊ विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळं त्यावरच आहे. ती पायरी मी माझ्या हाताने दहा वेळा शिकवली आहे.

कागद पाहिले. चिमे, मन घट्ट कर. त्यांना शेंडा ना बुडखा. माझ्या सरांच्या हातचे असे कागद वाचायची वेळ यावी, याहून वाईट काय? प्रमेय जागच्या जागी आहे. चुकलंय ते सरांचं आरोग्य. डॉक्टर सांगतात तसं कर. उगाच स्वतःला दोष देऊ नकोस.

मूळ कागद घरात ठेवू नकोस, माझ्याकडे पाठव. कोणाला दाखवू नकोस. लोकांना काय, हसायला निमित्त हवं असतं. आणि मधलं एक पान राहिलेलं दिसतंय, पट्ट्यांची आकृती असलेलं. कुठे सापडलं तर तेही पाठव.

तुझा
दादा


२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

सही केली.

मला वाटलं होतं बाबा आरडाओरडा करतील. तसं काही झालं नाही, शांतपणे आले. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. उगाच जखमेवर मीठ कशाला.

जागा स्वच्छ आहे. लांब बोळ, दोन्ही बाजूंना धरायला लाकडी कठडा, फिनेलचा वास. खोलीत खाट, खुर्ची, भिंतीत बसवलेलं कपाट. दाराची कडी इतकी उंच लावलीय की माझाही हात टाचा उंचावून पोचतो. खिडकीतून मागची भिंत दिसते, तिच्यावर पाण्याचा नळ आहे. कागद-पेन्सिल द्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण बाबांनी मागितलीच नाही. लिहायचं थांबलेत. औषध लागू पडतंय म्हणे. आता त्यांचे हात कापतात. चमच्यातलं निम्मं सूप बनियनवर जातं.

तिथल्या मावशी त्यांना मास्तर म्हणतात. मी म्हटलं, मास्तर नाही हो, फार मोठे गणिती आहेत. तर म्हणाल्या, "असू देत ना. बारा नंबरात न्यायाधीश आहेत, तेही चड्डीत मुततात." मी घरी येऊन हे कोणाला सांगणार? म्हणून तुला सांगितलं.

सगळे मूळ कागद वेगळ्या पाकिटाने पाठवलेत. आकृतीचं पानही सापडलं. त्यांनी ते घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलं होतं.

दादा, तू नसतास तर मी हा निर्णय कसा घेतला असता? तुझ्यामुळे निदान रात्री डोळा लागतो.

चिमी


१४ एप्रिल

चिमे,

कागद पोचले. पोच द्यायला उशीर झाला. सध्या एका जुन्या कामात गुंतलोय, दिवस कसा जातो कळत नाही.

परिषदेचे लोक विचारत होते, उद्घाटनाला सरांना दहा मिनिटं मंचावर आणता येईल का? बोलायची गरज नाही. नुसतं खुर्चीत बसायचं, शाल-बिल नाही, लोकांना पाहायला मिळेल एवढंच. तुला काय वाटतं?

दादा


३ मे

प्रिय दादा,

खरंच विचारतोयस? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. एकदा येऊन बघून जा.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांना पाठीमागून पट्ट्याने बांधलं होतं, पुढे पडतात म्हणून. मनगटावर वळ होते. मी पट्टा सोडला तर मावशींनी परत बांधला. "ताई, पडले तर तुम्हीच आमच्यावर येणार." त्यांचंही बरोबर आहे. बाबा माझ्याकडे बघतात, पण दुकानात गिऱ्हाईक चुकीच्या काचेतून बघतं ना, तसं. मी पंधरा मिनिटं बोलले. दुकानातल्या गमती सांगितल्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्रास देतोय मी तुला."

अशा माणसाला गुळाच्या गणपतीसारखं मंचावर ठेवायचं? त्यांना सांग, जमणार नाही.

कधीकधी मला वाटतं, उलटा स्वेटर घालून भांडायला जाणारे बाबा परवडले होते.

चिमी


२९ जून

दादा,

बाबा काल दुपारी गेले. अकरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, मग छातीत कफ भरला. शुद्ध नव्हती. मी जवळ होते.

तू येऊ नकोस, आज सकाळीच सगळं उरकलं. विद्यापीठातून हार आला होता. हाराबरोबरच्या कार्डावर प्रमेयाचं नाव होतं, बाबांचं कंसात.

चिमी


१० जुलै

चिमे,

काय लिहू? दोन वेळा पत्र लिहून फाडलं.

स्मृतिग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. त्यातला काही भाग तुला पाठवतो, कारण तो वाचायचा पहिला हक्क तुझा.

"सरांचे वडील कापडगिरणीत माग दुरुस्त करणारे जोडारी होते. सर दहा वर्षांचे असताना वडिलांचा डबा घेऊन जायचे आणि दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, डावीकडून सातवा माग बिघडलाय. शंभर माग एकदम खडखडत असायचे. मजूर पैज लावायचे आणि हरायचे. गोंगाटातून एक सूर वेगळा काढायचा, हे सर गिरणीच्या दारात शिकले. गणित नंतर आलं.

"त्यांनी आम्हाला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. सिद्धता तपासायची असेल तर ते ती शेवटच्या ओळीपासून वर वाचायचे. आम्हालाही तशीच उलटी लिहून आणायला लावायचे. आधी निष्कर्ष, त्याखाली त्याचं कारण, त्याखाली कारणाचं कारण. म्हणायचे, पुढून वाचलं की माणूस वाहवत जातो, मागून वाचलं की प्रत्येक ओळीला जाब द्यावा लागतो. ते फक्त चूक शोधायची असेल तेव्हाच असं लिहीत. आम्ही विद्यार्थी सोडले तर ही पद्धत कोणालाच ठाऊक नव्हती."

आवडलं का, कळव. काही वगळायचं असेल तर वगळू.

दादा


२ ऑगस्ट

दादा,

तुझा लेख आवडला. फार आवडला. तीन वेळा वाचला आणि मग कपाटातून तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढून त्याच्याशेजारी ठेवलं.

आधी निष्कर्ष, त्याखाली कारण, त्याखाली कारणाचं कारण. हेच शब्द मी तुला जानेवारीत लिहिले होते ना? मी लिहिलं होतं की डॉक्टर याला लक्षण म्हणतात. तेव्हा तू एका ओळीत लिहू शकला असतास, चिमे, हे लक्षण नाही, ही त्यांची पद्धत आहे. तू लिहिलंस शेंडा ना बुडखा.

तरीही मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, घाईत असेल, नीट पाहिलं नसेल, कामाच्या रगाड्यात माणूस चुकतो. मग त्याच पत्रातली खालची ओळ वाचली. मधलं एक पान राहिलंय, पट्ट्यांची आकृती असलेलं. अकरा सुटे कागद, क्रमांक नाहीत, पडून विस्कटलेले. ज्याला शेंडा ना बुडखा, त्यातलं एक पान कमी आहे हे तुला कसं कळलं? आणि त्यावर आकृती होती हे? तू ते सगळे क्रमाने लावलेस. ओळ न ओळ वाचलीस. वाचल्याशिवाय कमी काय आहे ते कळत नाही, हे समजायला गणित लागत नाही.

मला कारणं नकोत. पाल्हाळ तर मुळीच नको. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. बाबा बरोबर होते का?

नाही म्हणत असशील तर मी तुझे पाय धरून माफी मागेन. पण हो असेल, तर मी एका शहाण्या माणसाला कुलपात घातलं. त्यांना पट्ट्याने बांधलं तेव्हा मी तिथे उभी होते. मला हे कळायला हवं. उरलेलं आयुष्य मला ह्याच डोक्याबरोबर काढायचंय.

चिमी


१५ सप्टेंबर

चिमे,

हो. सर बरोबर होते.

कागद आले त्या दिवशी वरची ओळ बघताच मी ओळखलं की हे तपासणीचं लिखाण आहे. दार लावून बसलो. दुपारपर्यंत पानं लागली. एक पान नव्हतं, पण त्यात काय असणार ते मला दिसत होतं. पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत असं आम्ही चाळीस वर्षं धरून चाललो होतो. सरांनी त्या जराजरा वळवून अशा मांडल्या होत्या, की सगळ्या एकाच चिमूटभर जागेत गर्दी करतात. तिसरी पायरी तिथेच ढासळते. त्यावरचं सगळं ढासळतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने, ज्याला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं, हे एकट्याने केलं होतं. त्यांच्या तरुणपणच्या कामापेक्षा ते मोठं होतं.

मी तुला तेव्हाच का लिहिलं नाही? माझं पुस्तक होतं. व्याख्यान होतं. माझी एक विद्यार्थिनी पुढच्याच महिन्यात प्रबंध देणार होती, तिला काय सांगू? पण खरं कारण याहून लहान आहे आणि जास्त लाजिरवाणं आहे. मला वाटलं, मी हे भोक बुजवीन. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला असं वाटतं. दोन-तीन महिने मिळाले की नवी तिसरी पायरी करीन, मग सरांना स्वतः येऊन सांगीन, सर, तुम्ही चूक शोधलीत आणि मी ती दुरुस्त केली. तोवर झाकली मूठ. उन्हाळ्यापर्यंत तुला सांगून टाकायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. सर कुठे जातायत, असं वाटलं. संस्थेत आहेत, काळजी घेतली जातेय.

ते भोक बुजत नाही. मे महिन्यात आकृतीचं पान दहाव्यांदा बघताना कळलं की सरांनी तेही सिद्ध केलं होतं. ते बुजूच शकत नाही. प्रमेयच खोटं आहे. त्यानंतर तरी लिहायला हवं होतं. तेव्हा तुझं पट्ट्याचं पत्र आलं, मनगटावरच्या वळांचं. ते वाचून माझी पाचावर धारण बसली. जितका उशीर झाला होता तितकं सांगणं अवघड होत गेलं.

ऑक्टोबरात मी सगळ्यांसमोर उभा राहून हे सांगणार आहे. सरांचे कागद सरांच्या नावाने दाखवणार आहे. त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं हे सांगणार आहे आणि मी काय केलं तेही. तू यावंस अशी माझी इच्छा आहे, पण आलीस नाहीस तरी समजेन. क्षमा मागत नाही. ती मागायलाही तोंड लागतं.

दादा


२४ ऑक्टोबर

प्राध्यापक महाशय,

मी आले होते. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबामागे बसले होते. तुम्हाला दिसले नसेन.

तुम्ही बोललात ते सगळं खरं बोललात. काही लपवलं नाहीत. बाबांचे कागद पडद्यावर मोठे करून दाखवलेत. त्यांचं बारीक अक्षर भिंतीएवढं झालं होतं. पट्ट्यांची आकृती आली तेव्हा लोक वह्या काढून ती उतरवायला लागले. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते रुमालाने डोळे पुसत होते. मग तुम्ही म्हणालात, हे मला फेब्रुवारीतच ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. पुढचा कागद तसाच ठेवलात. खाली बसलात.

आणि लोक उभे राहिले. सगळे. टाळ्या थांबेनात. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "स्वतःचं आयुष्यभराचं काम स्वतःच्या हाताने पाडायला काळीज लागतं. असा प्रामाणिक माणूस पाहायला मिळत नाही हो." बाहेर चहाच्या टेबलापाशी तुमच्याभोवती ही गर्दी. आता त्या आकृतीवर नवी शाखाच सुरू होईल म्हणत होते, आणि तुम्हीच ती सुरू करणार. बाबांच्या आणि तुमच्या अशा दोघांच्या नावाने ती ओळखली जाईल, असंही कोणी म्हणालं. वरातीमागून तुमचं घोडं आलं आणि लोकांनी वरात त्याच्यामागे वळवली. मी चहा न घेताच निघाले.

तुमचा दोष नाही त्यात. टाळ्या तुम्ही मागितल्या नव्हत्या. मला माहीत आहे, तुमच्या मनाला डागण्या लागल्यात. पण तुमच्यासाठी ते आता सांगून झालंय. माझी सही त्या कागदावर तशीच आहे.

दादा, एक गोष्ट मी तुला खोटी लिहिली होती. तुला वाईट वाटेल म्हणून तेव्हा लिहिली, आणि बाबा गेल्यावरही ती कधीच सांगायची नाही असं ठरवलं होतं. परवा टाळ्या ऐकल्या आणि ठरवलेलं मोडलं.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलं होतं. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी. कागद तुला पाठवलेत हे मी त्यांना सांगितलं होतं, ते वाटच बघत होते. रोज पोस्टमनच्या वेळेला दाढी करून दारात खुर्ची टाकून बसायचे. "त्याला कळेल," म्हणायचे. "बाकी कोणाला कळलं नाही तरी त्याला कळेल." मी वाचून दाखवलं. शेंडा ना बुडखा, तेही वाचलं, मला काही गाळायचं सुचलंच नाही, पण तेवढ्यावर त्यांनी हाताने थांबवलं आणि खालचा राहिलेल्या पानाचा मजकूर वाचायचा राहिला. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळे कागद वाचून लिहिलंय का त्याने?" मी म्हटलं, हो बाबा. "नीट वाचून?" मी म्हटलं, हो.

टेबलावरचे कागद त्यांनी एकावर एक नीट रचले. मग म्हणाले, "तो चुकायचा नाही. मीच शिकवलंय त्याला. म्हणजे डोकं माझंच गेलंय." हातातली पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. पिशवी स्वतः भरली, दोन बनियनं, एक स्वेटर. मला म्हणाले, "कुठे सही करायची ते दाखव, मीही करतो. उद्या मला पटणार नाही, आज पटतंय तोवर करू दे." म्हणून ते शांतपणे आले. म्हणून त्यांनी तिथे कागद मागितला नाही. औषधाने नाही लिहायचं थांबले ते. तुझ्यावर विश्वास ठेवून थांबले.

संस्थेच्या दारात त्यांनी मला एक निरोप सांगितला होता. तो तुला द्यायचा राहिला. म्हणाले, "त्याला लिही, वेळेवर सांगितलंस, नाहीतर मी जगभर माझं हसं करून घेतलं असतं. त्याचे फार उपकार झाले म्हणावं."

चिमी